उंबरमाळचा भोंगा वाजला नाही

१

भोंगा वाजला नाही. तो वाजला असता तर नंदा आज असती. त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं आणि पुढचे सगळे दिवस मी तेवढंच धरून बसलो.

उंबरमाळ ही आमची वस्ती कुरवंड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आहे. खाली भाताची खाचरं आणि त्यांच्याही खाली शाळा. आमचं घर सगळ्यांत वर, डोंगराच्या पायाशी. मी दत्तोबा, खंडाळ्याला एका हॉटेलची गाडी चालवतो. उजाडायच्या आत घर सोडतो आणि अंधार पडल्यावर परततो. शेत नंदा बघायची. घर नंदा बघायची. मलाही तीच बघायची.

दोन वर्षांपूर्वी हवामान बदलाचा आराखडा आला. आता पाऊस एकदम कोसळतो, डोंगर भिजून सुटतो, तेव्हा दरडीखालच्या वस्त्यांना आधी कळलं पाहिजे, असं अधिकारी सांगून गेले. देवळामागच्या बांधावर त्यांनी छातीएवढ्या खांबावर पाऊस मोजायचं यंत्र बसवलं, वरून उघडं, नरसाळ्यासारखं. त्याची तार शाळेवरच्या भोंग्याला जोडली. ठरल्यापेक्षा जास्त पाऊस यंत्रात पडला की भोंगा आपोआप वाजणार, आणि तो वाजला की सगळ्यांनी हातातलं टाकून शाळेत जाऊन बसायचं.

त्या दिवशी दुपारी दरड आली. बाया खाचरात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी करत होत्या, त्या वाचल्या. नंदा जेवण आणायला घरी गेली होती. घरावर डोंगर आला.

बायांचं जेवण झालं की नंदा मला एक मिस्ड कॉल द्यायची. म्हणजे आता तुमी पण जेवा. त्या दिवशी मी हॉटेलच्या मागं डबा उघडून वाट बघत बसलो होतो. फोन वाजला तेव्हा नाव महिपतीचं होतं, आमच्या सरपंचाचं.

नंदाला बाहेर काढलं तेव्हा मी तिथं होतो. ते मी लिहिणार नाही.

त्यानंतर महिपती मला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्तोबा, एक सांगतो, मनात ठेव. दरड पडल्यावर सगळी तुझ्या घराकडं पळाली. एकटा अतुल उलटा पळाला, यंत्राकडं. तितनं निघाला तवा रेनकोटाखाली काय तरी दडवून नेत व्हता."

२

अतुल म्हणजे खालच्या आळीतल्या शालनबाईचा मुलगा. लोणावळ्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जातो. मशीनमधलं त्याला कळतं, म्हणून यंत्राची आणि भोंग्याची देखरेख वस्तीनं त्याच्याकडे दिली होती. शाळेच्या भिंतीवर भोंग्याची लोखंडी पेटी आहे. तिची किल्ली त्याच्या एकट्याकडे. पेटीत बटण आहे, ते खाली केलं की भोंगा बंद.

मी त्याच्या दारात गेलो. विचारलं, "भोंगा का न्हाई वाजला?"

"माहीत नाही, काका."

"यंत्रापासून काय उचलून आणलंस?"

तो गप्प.

मी त्याच्या कानाखाली मारली. त्यानं हात वर केला नाही. शालनबाई मधे आली आणि माझ्याकडे बघून रडायला लागली. मला वाटलं, पोराच्या पापाला रडते आहे.

पोलिसांत मी जबाब दिला. अतुलनं भोंगा बंद ठेवला, त्यामुळे माझी बायको गेली. वस्तीत बऱ्याच जणांना ते पटलं. पटायला सोपंच होतं. केरबा म्हणून त्यांच्या आळीतले म्हातारे आहेत, ते मला तोंडावर म्हणाले, "आमच्या आळीतला पोरगा गावला की समद्यांनाच बरं पडतं, न्हाई का दत्तोबा?" मला तेव्हा कुणीतरी हवं होतं. आळी कुठली याचं मला काही नव्हतं, पण मला कुणीतरी हवं होतं.

नंदाचा दहावा झाला आणि राजेश्वरी मॅडम आल्या.

३

मॅडम जिल्ह्याच्या त्या आराखड्याचं काम बघणाऱ्या. वय पन्नाशीच्या आसपास, केस पांढरे, पायांत गमबूट. भोंगा का वाजला नाही हे शोधायला त्यांना पाठवलं होतं. त्यांचं होईपर्यंत अतुलला अटक करू नका, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. मला राग आला. मी म्हणालो, "मी तुमच्यासंगं फिरणार. काय निघतंय ते माझ्यासमोर निघू द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जे निघेल ते ऐकून घ्याल?"

"व्हय."

"मग चला."

पहिल्यांदा त्यांनी अतुलकडून पेटी उघडून घेतली. तार नीट होती, बॅटरी भरलेली होती, बटण वर होतं. मग आम्ही यंत्राकडे गेलो. भोवती तारेचं कुंपण आहे, पण हात घातला तर कुणाचाही पोचतो. मॅडमनी देवळातून पाण्याची कळशी मागवली आणि हळूहळू नरसाळ्यात ओतायला लागल्या.

कळशी अर्धी झाली आणि भोंगा वाजला.

आवाज डोंगरावर आपटून परत आला. खालच्या खाचरांत बाया उभ्या राहिल्या. आवणी थांबत नाही, कुणी मेलं तरी रोपं वाट बघत नाहीत, म्हणून त्या कामाला आल्या होत्या. एकीनं तोंडावर हात ठेवला. एक चिखलातच खाली बसली. मी बांधावर उभा होतो आणि मला एकच कळत होतं, की हा आवाज, एवढाच, एकदा.

भोंगा थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे. भोंगा चांगला आहे. त्या दिवशी कुरवंड्याला धो धो पाऊस होता आणि आमच्या कार्यालयात उंबरमाळचा आकडा कोरडा दिसत होता. म्हणजे पाऊस पडला, पण यंत्रात गेला नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे कुणीतरी ते झाकलं होतं, दत्तोबा. आणि फक्त त्याच दिवशी नाही. ह्या पावसाळ्यात पुष्कळ वेळा झाकलेलं आहे."

४

निलेशचे तंबू डोंगराच्या कडेला आहेत. पुण्या-मुंबईची पोरं येतात, शेकोटी करतात, धबधब्यात फोटो काढतात. भोंग्यावर त्याचा राग होता हे सगळ्या मावळाला माहीत. "कापून टाकीन ती तार," असं तो चारचौघांत म्हणाला होता.

"बोललो ना, खोटं कशाला सांगू?" तो मॅडमना म्हणाला. "मॅडम, शनिवारची रात्र. सगळे टेंट फुल. गेस्ट झोपलेत आणि हे बोंबलायला लागतं. पोरी रडत गाडीत बसल्या. एकानं नेटवर लिहिलं, इथे मरायला या. धंद्याची वाट लागली."

"मग झाकलंत यंत्र?"

"झाकलं असतं तर शनिवारी वाजलं असतं का? दर शनिवारी वाजलंय. विचारा काकांना."

"आणि मधल्या वारी?"

"मधल्या वारी कोण येतंय हितं? मी आणि माझा कुत्रा." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यानं मान खाली घातली. "काका, नंदामावशींच्या हातची भाकरी माझ्या गेस्टनी पण खाल्लीय. मी नाही हो केलं."

महिपती ओसरीवर बसला होता. डोंगराच्या अंगाला त्याची जमीन आहे, बंगल्यांचे प्लॉट पाडायचे आहेत. त्यासाठी जेसीबी लावून त्यानं रस्ता खोदला होता. आराखड्यात जी वस्ती लाल पट्ट्यात जाईल तिथं बांधकाम बंद होणार. पावसाळाभर यंत्रात किती पाऊस पडतो त्यावर पट्टा ठरणार.

मॅडमनी सरळ विचारलं, "आकडा कमी आला तर तुमचा फायदा?"

"हाय की," तो हसला. "न्हाई कशाला म्हणू? पण मॅडम, हितं पाऊस रातचा जास्ती. दिवसा पडतो त्याच्या दुप्पट रातचा कोसळतो. मला आकडा पाडायचा असता तर मी रातचं जागून झाकलं असतं. ह्या वयात मला पावसात कोण उभं करणार? बायको घरात घेणार न्हाई."

"रात्रीचे आकडे बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या.

"मग मी सुटलो."

"झाकण्यातून सुटलात. डोंगर खोदला त्याचं वेगळं लिहिणार आहे."

महिपतीचं हसू गेलं. मला बरं वाटलं, पण ते थोडाच वेळ टिकलं. परतीच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या, "यंत्र कोरडं दिसायला लागल्यावर कार्यालयातून अतुलला फोन गेला होता. त्यानं सांगितलं, पालापाचोळा अडकला असेल, साफ करतो."

"म्हंजे त्याला ठाऊक व्हतं!"

"हो. त्याला ठाऊक होतं."

मी थांबलो. "मग आता काय शोधताय?"

"त्याच्याकडे बटण आहे, दत्तोबा. किल्ली त्याची, पेटी त्याची. शाळेत उभ्या उभ्या भोंगा बंद करता आला असता त्याला. ज्याच्या हातात बटण आहे तो पावसात जाऊन यंत्र कशाला झाकेल?"

५

दुसऱ्या दिवशी आम्ही खाचरांवर गेलो. सविताच्या शेतात बाया लावत होत्या. आमच्याकडे आवणीला मजूर लावत नाहीत, सावड असते. आज सगळ्या बाया एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या, परवा तिसरीच्या. जिचं शेत तिनं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. आमच्या सावडीत सविता, शालनबाई, आणखी बऱ्याच जणी. आणि नंदा होती.

सविता आमची शेजारीण, तोंडाची फटकळ. मॅडमना बघून म्हणाली, "गमबूट काढून या मॅडम. चिखल चावत न्हाई."

मॅडम खरंच बूट काढून खाचरात उतरल्या. बाया हसल्या. एकीनं त्यांच्या हातात रोपांची मूठ दिली. त्यांनी लावलेली रोपं आडवी झाली.

"हे भात पुण्यालाच पिकंल," सविता म्हणाली.

हसणं चाललं होतं. मी बांधावरून जवळ गेलो आणि ते थांबलं. सगळ्या एकदम वाकल्या आणि कामाला लागल्या.

मॅडमनी विचारलं, "भोंग्याचा त्रास व्हायचा?"

"त्रास?" सविता न बघताच बोलली. "बाई, आमच्या मावळात पाऊस म्हंजे काय तुमच्याकडच्यासारखा का? हितं रोजचा पाऊस तेवढा. ह्यो आला की वाजतोय, थांबला की वाजतोय. वाजला की उठा, चिखलाच्या पायानं शाळंत जा, बसा. पोरांच्या कविता पाठ झाल्या आम्हाला. तवर उपटून ठेवलेली रोपं पिवळी पडत्यात. आन् जिचा दिवस बुडला तिची पाळी थेट शेवटाला. तवर रोप म्हातारं व्हतं. मग खा काय? भोंगा?"

"रोज वाजायचा?"

"मंगळवारी वाजला तरी काय न्हाई. मंगळवारी आमचा मोडा. त्या दिवशी शेतात कुणी पाय घालत न्हाई."

मॅडम शालनबाईकडे वळल्या. "तुमच्या मुलावर गुन्हा दाखल होतोय. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

शालनबाई उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाली, "ह्यांना घरी पाठवा. मग सांगते."

"शालन," सविता म्हणाली, "रोपं दे हिकडं."

"माझं पोरगं आत जातंय, सविता."

"रोपं दे म्हणलं."

शालनबाईनं रोपं दिली आणि तोंड पदरात घातलं. मी ओरडलो, "बघितलंत मॅडम? माझ्यासमोर बोलायची लाज वाटती तिला!"

मॅडम चिखलातून बाहेर आल्या. पाय धुतले नाहीत, तशाच बूट घालून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला होता.

"दत्तोबा," त्या म्हणाल्या, "उद्या मी तुमच्याशिवाय बोलते त्यांच्याशी. तुम्ही कामावर जा."

"ऐकून घेईन म्हणालो व्हतो मी."

"म्हणूनच सांगते आहे. जा."

६

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतच होतो. घर गेल्यापासून मी शाळेच्या एका वर्गातच राहत होतो. शेजारच्या वर्गात गेलो तर मॅडम तिथं बाकावर बसल्या होत्या. समोर अतुल, शालनबाई, सविता. मला बघून सविता उठली.

"बसा," मॅडम तिला म्हणाल्या. मग मला, "तुम्हीही बसा. तुम्हाला टाळून हे होणार नाही असं दिसतंय."

त्या सावकाश बोलायला लागल्या. शाळेत शिकवतात तसं.

"निलेशला झाकायचं असतं तर शनिवार-रविवारी रात्री झाकलं असतं. शनिवारी रात्री भोंगा वाजला आहे. महिपतीला झाकायचं असतं तर रात्रीचा पाऊस चुकवला असता. रात्रीचा पाऊस यंत्रात पडला आहे. अतुलला गरजच नव्हती. यंत्र झाकलं जायचं ते सकाळी, आणि उघडलं जायचं संध्याकाळी. फक्त दिवसा. मंगळवारी कधीच नाही. आता सांगा, मंगळवार सोडून, फक्त दिवसा, भोंगा कुणाला नको होता?"

मला समजलं. मी सविताकडे बघितलं. "तुमी? बायांनी?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"सगळ्यांनी मिळून," मॅडम म्हणाल्या. "कुणाच्या मनात वाईट नव्हतं. शेतावर काम असेल तेवढा वेळ भोंगा नको, घरी गेलं की उघडायचं, रात्री झोपेत तो हवाच. असं ठरलं होतं. पुरुषांना सांगायचं नाही, कारण पुरुष गावभर बोलतील. अतुलनं एकदा बघितलं. झाकणाऱ्यांत त्याची आई होती, म्हणून त्यानं कार्यालयाला पालापाचोळा सांगितला."

मी उभा राहिलो. मी सविताला काय काय बोललो ते आता आठवत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. एवढ्या फटकळ तोंडाची बाई, एक शब्द बोलली नाही.

"त्या दिवशी कुणी झाकलं?" मी विचारलं. "नाव सांगा. तुमच्यातली कोण गेली व्हती? शालन, तू? म्हणून लेकरू गप बसलंय का?"

"दत्तोबा," मॅडम म्हणाल्या.

"नाव पाह्यजे मला!"

"ते रोज कुणी एकच झाकत नव्हतं. त्यांची वाटणी होती. सावडीचा दिवस जिचा, तिच्या शेतातलं काम भोंग्यानं बुडणार. म्हणून जिचा दिवस, तिनं झाकायचं." त्या थांबल्या. मग फार हळू म्हणाल्या, "मी ह्यांना विचारलं, त्या दिवशी सावड कुणाकडे होती. एकीनंही सांगितलं नाही. शालनबाईंनीसुद्धा नाही, पोरगा तुरुंगात चाललाय तरी."

"त्यात काय सांगायचंय?" मी म्हणालो. "सगळ्या वस्तीला ठाऊक हाय. सावड आमच्याकडं व्हती. म्हणून तर नंदा जेवण आणायला…"

माझं मलाच ऐकू आलं.

भिंतीवर मुलांनी काढलेला डोंगर होता, निळा. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

सविता माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली. "भाऊ," ती म्हणाली, "आमी न्हाई सांगणार व्हतो. कदीच न्हाई. तुमाला एवढंच ठाऊक असू दे म्हणलं, की कुणीतरी दुसऱ्यानं केलं."

७

अतुल घरी जाऊन आला. पिशवीतून त्यानं पितळेचं पातेलं काढलं. त्याच्या काठावर नंदाच्या भावाचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं. तेच यंत्रावर पालथं होतं आणि वर दगड. दरड पडल्याचं कळल्यावर लोक यंत्र बघायला येणार आणि नाव वाचून भांडं कुणाचं ते ओळखणार, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून तो उलटा पळाला होता.

"काकू माझ्या आईसारखी होती, काका," तो म्हणाला. "तेवढंच सुचलं."

"मी मारलं तवा तरी बोलायचास."

"काय बोलणार होतो?"

मी पातेलं मांडीवर घेऊन बसलो. तिच्याकडून झालं ते मला सारखं दिसत होतं. सकाळी मी गेल्यावर तिनं भांडं उचललं असेल. देवळामागं जाऊन पालथं घातलं असेल. वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड शोधला असेल. मग बायांना लावायला बसवून वर भाकरी करायला गेली असेल. पाऊस वाढला तेव्हा तिला वाटलं असेल का, आता जाऊन काढावं? की चुलीवर तवा होता?

बाकीचे गेले. मॅडम थांबल्या.

"किती पावसाला भोंगा वाजावा, तो आकडा ठरवणाऱ्यांत मी होते," त्या म्हणाल्या. "सगळ्या जिल्ह्याला एकच आकडा ठेवला. तिकडे कोरड्या भागात तेवढा पाऊस म्हणजे पूर. इथे तो आषाढातला कुठलाही दिवस. इथे येऊन आवणीच्या दिवसांत एकदा उभी राहिले असते तर कळलं असतं. मी नाही आले."

मला त्यांचा रागही येत नव्हता. राग संपला होता आणि त्याच्या जागी काही आलं नव्हतं.

"दोन गोष्टी करता येतील," त्या म्हणाल्या. "यंत्र बिघडलं होतं असं मी लिहू शकते. अतुल सुटेल. नंदाबाईंचं नाव कुठे येणार नाही. वस्ती गप्प राहील, तुम्ही बघितलंत."

"आन् दुसरी?"

"खरं लिहायचं. त्यात त्यांचं नाव येईल. त्या नावाशिवाय खरं पूर्ण होत नाही. त्या दिवशी कुणी आणि का झाकलं, हे वरचे विचारणारच."

"यंत्र बिघडलं म्हणून लिवलं तर काय व्हईल?"

"नवं यंत्र येईल."

"आकडा?"

"आकडा तोच राहील. यंत्र बिघडलं तर आकडा कशाला बदलतील?"

डोंगराच्या पायाला उंबरमाळसारख्या अजून किती वस्त्या आहेत. शेजारच्या औंढे गावाच्या अंगालाच आहेत. तिथंही भोंगे बसले आहेत, तिथंही सावड आहे. मला एकदम वाटलं, की आत्ता ह्या वेळी तिकडे कुणाची तरी बायको घरातलं भांडं शोधत असेल, नरसाळ्यावर नीट बसेल असं.

मी मॅडमना म्हणालो, "मला एक रात द्या."

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही. नंदा माझ्याशी बोलत नव्हती एवढंच. आयुष्यभर काही ठरवायचं असलं की मी तिला विचारायचो आणि ती म्हणायची, तुमाला जे वाटतं ते करा, आणि मग तिला वाटायचं तेच व्हायचं.

८

वडगावला कचेरीत चौकशी ठेवली होती. मी आधी पोलिसांकडे जाऊन अतुलविरुद्धचा जबाब मागे घेतला. मग आत गेलो. पंखा चालू होता. पलीकडे साहेब, त्यांच्या बाजूला टाईप करणारा क्लार्क, कोपऱ्यात मॅडम. अतुल आणि शालनबाई मागच्या बाकावर होते. सविता आली होती, निलेशच्या गाडीतून बाकीच्या बायाही आल्या होत्या. सगळ्या ठेवणीतल्या चांगल्या लुगड्यांत, कुणाच्या लग्नाला आल्यासारख्या, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

साहेबांनी विचारलं, "पर्जन्यमापक त्या दिवशी कोणी झाकलं, हे तुम्हाला माहीत आहे?"

"व्हय."

सविता मागून पुटपुटली, "भाऊ, नका."

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो. "नंदाबाईनं."

क्लार्कनं मान वर केली. साहेब थोडा वेळ कागद नीट करत राहिले. मग मी सगळं सांगितलं. पाऊस, आकडा, सावड, मोडा, पिवळी पडणारी रोपं. मला बोलायची सवय नाही, मधे मधे अडकलो. अडकलो तिथं मागून सवितानं सांगितलं, आणि एकदा शालनबाईनं. साहेबांनी त्यांना गप्प बसवलं नाही. अतुलचं नाव कशात राहणार नाही ना, असं मी विचारलं. नाही राहणार, ते म्हणाले. आवणीच्या दिवसांत भोंगा कधी वाजवायचा हे वस्तीला विचारून ठरवायचं, हा मॅडमचा मुद्दा त्यांनी पहिल्यांदा लिहून घ्यायला सांगितला.

शेवटी क्लार्कनं जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. चांगलं वाचत होता. "सदर दिवशी मयत नंदाबाई यांनी यंत्रणेच्या कामकाजात हेतुपुरस्सर अडथळा निर्माण केला…"

"साहेब," मी म्हणालो, "तेवढं बदला."

"काय चुकलं?"

"चुकलं न्हाई. पण अडथळा नका लिहू. भांडं पालथं घातलं, एवढंच लिहा. संध्याकाळी घरी जाताना ती ते काढणार व्हती."